पंतांशी अबोला

मास्तरांचं ज्या माणसाशी हाडवैर होतं, तो माणूस मरून दीडशे-एक वर्षं तरी झाली असतील. म्हणून मास्तर त्याला सोडणार होते थोडेच! बहारीनमधल्या माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या चहाच्या आधी त्या मेलेल्या माणसाला शिव्या पडायच्या, चहानंतर मला. मधल्या वेळात बहारीनचं पोस्ट, बिल्डिंगचा मालक, धूळ, पाण्याची टाकी आणि माझ्या चपात्या यांचा क्रमाक्रमाने समाचार घेतला जायचा. मी एसी रिपेरिंगवाला. तेव्हा माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो, मास्तर भडकले की आमच्या हॉलमधला दीड टनी एसी आपोआप ट्रिप व्हायचा. मी तीनदा उघडून बघितला, आत काही बिघाड नाही. कंप्रेसर घाबरत होता, दुसरं काय.

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले मास्तर नव्हेत. आयुष्यात ते कुठल्या वर्गासमोर उभे राहिले नव्हते, आणि राहिले असते तर तो वर्ग आज हयात नसता. मआमीरजवळच्या एका कारखान्यात ते प्रेशर गेज, थर्मामीटर असले मीटर तपासायचे. मूळ गाव राजापूर तालुक्यातलं. "प्रत्येक मीटर खोटं बोलतो, असं धरून चालायचं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. हेच ते माणसांनाही लावायचे, म्हणून ते मास्तर. मी म्हणालो, "मास्तर, बाहेर जाम गरम आहे," की लगेच, "मोजलंस?" मोजलं नसेल तर गरम नाही. मग माझ्या पाठीवरून घामाचे ओहोळ वाहिले तरी बेहत्तर.

कारखान्यात सगळे डे शिफ्टसाठी सुपरवायझरच्या मागे लागायचे. कायमची नाइट शिफ्ट मागून घेतलेला अख्ख्या आखातातला एकमेव इसम म्हणजे मास्तर. कारण दुपारी त्यांना सूर्य काढायचा असायचा.

सूर्य काढायचा म्हणजे कागदावर. गच्चीवर एक पितळी दुर्बीण तिकाटण्यावर उभी करायची, सूर्याकडे रोखायची, आणि डोळा न लावता तिच्या मागे पांढरा कागद धरायचा. कागदावर बशीएवढा सूर्य उतरतो. त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने टिपायचे. रोज एक गोल, रोज एक कागद. दुपारी सूर्य अगदी माथ्यावर आला की काढायचा, आधी नाही, नंतर नाही. जुलैत इथे सूर्य असा डोक्यावर येतो की दुर्बीण सरळ आभाळाकडे उभी करावी लागते, आणि मग मास्तर तिच्या बुडाशी म्हैस पिळायला बसल्यासारखे उकिडवे बसून काढायचे. कागदावर सावली हवी म्हणून छत्री धरून मी उभा. गच्ची एवढी तापलेली की एकदा माझी स्लीपर फरशीला चिकटली आणि मी पुढे गेलो. ती स्लीपर अजून तिथेच आहे, कुणाला खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं त्या मेलेल्या माणसाने. मास्तर कधीतरी सुट्टीवर असताना त्यांना रद्दीच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. युरोपातल्या कुठल्याशा गारठलेल्या खेड्यात एकोणिसाव्या शतकात राहणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाची पत्रं, आणि पत्रांच्या अधेमधे त्याचा दिवस कसा जायचा त्याची हकिकत. त्याचं नाव घ्यायचं तर जिभेला गाठ बसायची, म्हणून मास्तरांनी त्याला आपल्यात घेऊन टाकला. पंत.

पंत लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते. थोरली बहीण घर चालवायची. पंत उठायचे, उकडलेलं अंडं नि काळा पाव खायचे, बहिणीची लोकरी शाल डोक्यावरून घ्यायचे आणि माळ्यावर जाऊन सूर्याची वाट बघत बसायचे. थंडी इतकी की दौतीतली शाई गोठायची, म्हणून दौत काखेत ठेवायचे. सूर्य दिसला की काढायचे. नाही दिसला की रिकामा गोल काढून खाली "ढग" असं लिहायचे, आणि उरलेला दिवस लोकांना पत्रं लिहून भांडायचे. भिंग घासून देणाऱ्याला पत्र: भिंग वेळेवर का नाही? शेजाऱ्याला पत्र: तुमचं अक्रोडाचं झाड माझ्या सूर्याच्या आड येतं, तोडा, नाहीतर मी तोडतो. दुसऱ्या गावच्या एका विद्वानाने यांच्या गोलांना वेडेवाकडे म्हटलं, तर त्याला सलग सोळा पानी पत्र.

मास्तरांना हा माणूस न आवडता तरच नवल!

आवडला म्हणजे काय, रोज एक पत्र वाचायचं आणि त्याला उत्तर लिहायचं. मराठीत, सगळ्या रीतीभातीनिशी. "रा. रा. पंत यांस, सा. न. वि. वि., आपले पत्र पावले. तुमच्याकडे ढग आहेत म्हणून रडता. आमच्याकडे धूळ आहे, आम्ही रडत नाही. कापडाने भिंग पुसतो." लिहून झालं की मला मोठ्याने वाचून दाखवायचे. मी कणीक मळत असलो तरी थांबून ऐकायचं असा दंडक होता. कणीक वाळायची. मग चपात्या कडक झाल्या म्हणून मला वेगळ्या शिव्या.

एकदा तर त्यांनी एक उत्तर खरंच पोस्टात टाकलं. पंतांच्या गावाचा पत्ता पुस्तकात होताच. पाकिटावर इंग्रजीत पत्ता, आत मराठीत चार पानं, अक्रोडाच्या झाडाबद्दल. बऱ्याच दिवसांनी ते पाकीट आमच्या पोस्ट बॉक्सला परत आलं. तिकडच्या पोस्टमनने शिक्का मारला होता, की हे गृहस्थ नवा पत्ता न कळवता निघून गेले आहेत. 

मास्तर जे उखडले! मला वाटलं पोस्टमनवर उखडले असतील. छे.

"न सांगता गेले!" पाकीट नाचवत ते ओरडत होते. "इतकी वर्षं पत्रव्यवहार आपला, आणि पत्ता कळवायची पद्धत नाही?"

"मास्तर, ते वारलेत."

"म्हणून काय झालं? कळवायला नको?"

गच्चीवरून आणखी एक प्रकार झाला. दुर्बीण बघून समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला, की एक माणूस आमच्या खिडक्यांत बघतो. पोलीस वर आला. उर्दू बोलणारा, धिप्पाड. मास्तरांनी मान वर केली नाही. "हिलो मत! फर्श हिलता है!" एवढंच खेकसले. तो बिचारा जागच्या जागी थिजला. काढून झाल्यावर मास्तरांनी त्याला कागदावरचा सूर्य दाखवला, काळे डाग दाखवले, यातला एक डाग आपल्या पृथ्वीएवढा आहे हे सांगितलं, आणि मग खिडक्यांत बघण्यासारखं जगात काही नाही यावर व्याख्यान दिलं. पोलीस "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत खाली गेला. पुढच्या आठवड्यात डबल ड्युटी करून दमलेला असतानाही परत आला, छत्री धरायला. मी तेवढ्यात जरा बसून घेतलं.

तर असा सगळा आनंद चाललेला असताना पंतांनी घात केला.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक छोटं पत्र होतं. आपल्या एका मित्राला पंतांनी लिहिलं होतं: बहिणीला ताप आहे. या आठवड्यात मी माळ्यावर गेलो नाही. त्यामुळे सूर्याचं काही बिघडलेलं दिसत नाही.

बस. एवढंच. मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांच्या कानशिलावरची शीर मला स्वयंपाकघरातून दिसली.

"बिघडलेलं दिसत नाही? दिसत नाही म्हणजे? बघितलंच नाही तर दिसेल कसं!" त्यांनी पुस्तक मिटलं आणि फडताळात ठेवलं, तेही भिंतीकडे तोंड करून. "ढग असते तर गोष्ट वेगळी. आभाळ स्वच्छ आणि हा गृहस्थ खाली बहिणीच्या उशाशी बसून! आठवडाभर गोल रिकामे! ह्याच्यावर भरवसा ठेवून मी इतकी वर्षं…"

त्या दिवसापासून पंतांशी अबोला. उत्तरं बंद. पुस्तक भिंतीकडे तोंड करून. सकाळच्या पंतांच्या वाट्याच्या शिव्याही माझ्या खात्यात जमा व्हायला लागल्या. आणि स्वतःबद्दल तोरा असा, की आपल्या गठ्ठ्यात रिकामा गोल नाही. नव्हताच म्हणा. इथे ढग कुठले? धुळीच्या वादळातही सूर्य पिवळट पापडासारखा का होईना, दिसतो. गावीसुद्धा मास्तर फक्त हिवाळ्यात जायचे, दुर्बीण घेऊन. बाकी सगळे कोकणातले लोक जुलै-ऑगस्टात सुट्टी टाकतात, इथल्या पोरांच्या शाळा बंद असतात, पुढे गणपती असतात. मास्तर नाहीत. पावसाळ्यात राजापुराकडे महिना महिना सूर्य दिसत नाही, म्हणून या माणसाने लग्नानंतर गावचा पाऊस बघितलाच नव्हता. गळणारं छप्पर, लावणी, आलेला पूर, वाहून गेलेला ओढ्यावरचा साकव, सगळं वहिनींनी एकटीने बघितलं. याचा मला तेव्हाही राग यायचा, आणि आज लिहितानाही येतो आहे.

त्या जुलैत फोन आला तो नेमका सूर्य माथ्यावर असताना. मास्तर उकिडवे, हातात पेन्सिल. फोन पाण्याच्या टाकीला टेकवून स्पीकरवर. मी छत्री धरून.

"ऐकताय ना?" वहिनींचा आवाज. मागे पाऊस धो धो.

"ऐकतोय. बोल. अरे डावीकडे घे, डावीकडे! तुला नाही गं, ह्या छत्रीवाल्याला."

"डॉक्टर म्हणाले, पिशवीचं ऑपरेशन करायलाच लागणार. ह्याच महिन्यात. गाठ आहे म्हणाले, लांबवू नका."

मास्तरांची पेन्सिल एक क्षणभर थांबली. एकच क्षण. मग परत चालू.

"नोव्हेंबरात करू."

"काय?"

"नोव्हेंबरात येतोच ना मी. तेव्हा करू. आता पाऊस आहे तिकडे."

"पावसात ऑपरेशन होत नाय काय? हॉस्पिटलाला कौलं नायत. स्लॅब आहे."

"तसं नाही गं. तिकडे सूर्य दिसत नाही महिना महिना."

"माझं पोट उघडायचंय!" वहिनी अशा कडाडल्या की टाकीतलं पाणी हिंदकळलं असेल. "त्याला तुमचा सूर्य कशाला हवाय? त्यांच्याकडे लायटी आहेत!"

मास्तर कागदावर डाग टिपत होते. टिपत होते! मला वाटलं, ही छत्री मिटावी आणि त्यांच्या पाठीत घालावी.  मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी आहेत काय तिथं?"

"आहे, वहिनी."

"तो स्पीकर बंद करा आणि जरा लांब या."

मी छत्री फेकली आणि फोन घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मास्तर मागून "सावली! सावली!" ओरडत होते, पण जागचे उठू शकत नव्हते, डाग अर्धे राहिले होते.

"काय ओ भाऊजी," वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या नळीला असा बारीकसा पार्ट असतो काय, जो नसला की नळी चालत नाय?"

मी एसीवाला. पाच दिनारच्या कपॅसिटरपायी अख्खा एसी बंद पडलेला मी रोज बघतो. "असतो की. मागचं छोटं भिंग, आयपीस म्हणतात."

"हरवतो काय तो कधी?"

"वहिनी," मी म्हणालो, "तो हरवायलाच टेकलाय."

दुसऱ्या दिवशी मास्तर गच्चीवर पोचले, तिकाटणं लावलं, पेटी उघडली आणि थांबले. आयपीस नाही. आयपीस नसला की नळीतून कागदावर नुसता उजेड सांडतो, त्याला ना आकार ना डाग. त्यांनी पेटी झटकली. खिसे उलटे केले. जिन्यावरून खाली, जिन्यावरून वर. वॉचमनला झापलं. पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं. माझ्या टूलबॉक्समधला एकेक स्क्रू बाहेर काढला. हे करताना दर थोड्या वेळाने मान वर करून सूर्याकडे बघत होते, जसा बस चुकणारा माणूस बसकडे बघतो. सूर्य माथ्यावर आला. माथ्यावरून सरकला. त्यांच्या हातातल्या कागदावर आधीच आखून ठेवलेला गोल तसाच होता. कोरा.

मग ते माझ्याकडे वळले. मी छत्री मिटून उभा होतो, आणि हसत नव्हतो.

"तू."

"हो. मी."

इथून पुढचं बोलणं जसंच्या तसं छापलं तर संपादक मला उभं करणार नाहीत. मास्तरांनी माझ्या घराण्याचा, धंद्याचा, चपात्यांचा उद्धार केला. मला देशद्रोही म्हणाले, कुठल्या देशाचा ते सांगितलं नाही. मी ऐकून घेतलं, आणि मग माझंही टाळकं सटकलं.

"प्रत्येक मीटर खोटं बोलतो म्हणता ना? वहिनी होळीपासून सांगतायत दुखतंय म्हणून. ते तपासलंत? मोजलंत? एक दिवस तरी? सूर्याहून निघून आठ मिनिटं शिळ्या झालेल्या उजेडावर डोळे फोडताय, आणि बाई फोनवर जिवंत बोलतेय तर म्हणे नोव्हेंबरात!"

"तुला काय कळतं रे त्यातलं?"

"काहीच नाही! तुमचा पंत बरा. निदान उशाशी बसला!"

हे मात्र वर्मी लागलं. मास्तरांनी दुर्बिणीची पेटी धाडकन मिटली. 

"इथे तुझं थोबाड बघण्यापेक्षा," शेवटी ते म्हणाले, "गावी जाऊन पाऊस बघतो!"

"बघा! छत्री देऊ?"

त्यांनी खरंच इमर्जन्सी लीव्ह टाकली. एअरपोर्टला माझ्याच गाडीने निघाले, पण मागच्या सीटवर बसले, टॅक्सीत बसतात तसे.  उतरताना पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत. त्यांनी ते सीटवर टाकले. मग वाकून काचेतून म्हणाले, "गोल कोरा राहिला," आणि वळून गेले. दुर्बीण नेली नव्हती. तिकडे ती कशाला?

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. ते मला वहिनींच्या मोठ्या मुलीकडून कळलं. वहिनींचा स्वतःचा फोन आला तो तीन-चार दिवसांनी, हॉस्पिटलातून, आणि आवाज टाके घातलेल्या बाईचा नव्हता. पेटलेल्या भट्टीचा होता.

"भाऊजी, ह्यांना परत न्या!"

"का हो? काय झालं?"

"काय झालं? आल्या दिवशी हॉस्पिटलचा थर्मामीटर तपासला. तो खोटं बोलतो म्हणाले. तीन नर्सा रडल्या. एक राजीनामा देतेय. डॉक्टर मला विचारतात, तुमचे मिस्टर कुठल्या खात्याचे इन्स्पेक्टर आहेत?"

"वहिनी, ते जाऊ द्या. चिडलेत ते माझ्यावर."

"आणि ऐका तर! रोज दुपारी, माझं जेवण आलं की समोर स्टूल टाकून बसतात. हातात पेन्सिल. कागदावर गोल काढतात नि त्यात माझं तोंड काढतात!"

"काय काढतात?"

"माझं तोंड! डोळ्याखाली काळं किती, ओठ सुकलेत काय, कालच्यापेक्षा सूज कमी काय जास्त, सगळं. खाली तारीख. मी घास तोंडात घातला की ओरडतात, हलू नको! चार बायका बघतात ओ वॉर्डातल्या! मी सांगितलं, मला असं न्याहाळू नका, मला लाज वाटते. तर म्हणतात, एक दिवस चुकला तर काय बिघडलं ते कळत नाही!"

मागून मास्तरांचा आवाज आला, "कुणाशी बोलतेयस? त्या चोराशी?"

"होय, चोराशीच!" वहिनी तिकडे तोंड करून ओरडल्या. मग मला हळूच, "जेवतात पण इथंच. घरी जात नायत. खाली जमिनीवर झोपतात." आणि पुन्हा मोठ्याने, "हलणार! मी हलणार! तुमचा सूर्य हलत नाय काय?"

मी फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन एकटाच इतका हसलो की समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी परत पोलिसांना फोन केला असेल.

मास्तर परत आले ते सुट्टी संपल्यावर. दारातून आत शिरले, बॅग ठेवली, मला ओळख दाखवली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि कणकेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आयपीस काढला. कुठे लपवला होता ते त्यांना कुणी सांगितलं, हे मी वहिनींना अजून विचारलेलं नाही.

"आट्यांत कणीक गेलीय!" ते गरजले. "नालायका! भिंगाच्या आट्यांत कणीक!" हॉलमधला एसी ट्रिप झाला. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

टूथब्रशने आटे साफ करण्यात त्यांची अख्खी संध्याकाळ गेली. मग बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला. वहिनींची तोंडं. एकही चेहरा ओळखू येत नव्हता, माणसाला सूर्याशिवाय काही काढता येत नाही हे स्पष्ट होतं. तरी ते सगळे तारखेप्रमाणे लावून त्यांनी सूर्याच्या गठ्ठ्यात, कोऱ्या गोलाच्या पुढे, ठेवले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तू बोलू नकोस."

त्यानंतर फडताळाकडे गेले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं पुस्तक काढलं, धूळ पुसली, शेवटाकडचं पान उघडलं आणि लिहायला बसले. मी कणीक मळत होतो. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे न बघता, भिंतीला ऐकवल्यासारखं, वाचलं:

"रा. रा. पंत यांस, सा. न. वि. वि. आपले पत्र पूर्वीच पावले होते, उत्तरास उशीर झाला. गेला महिना मीही गच्चीवर नव्हतो. तुमच्या भगिनींचा ताप आता कसा आहे? कळवावे."

मला वाटलं, पुढे चार पानं असतील. नव्हती. पाकिटावर तोच जुना पत्ता घातला, आणि सकाळी पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. "मोजून लाव तिकीट," एवढंच खेकसले.

मास्तर आता कायमचे गावी गेलेत, पावसात भिजायला. पोस्ट बॉक्सची चावी माझ्याकडे असते. बाकी काय काय येतं, बिलं येतात, जाहिराती येतात. ते पत्र अजून परत आलेलं नाही.